हरकाऱ्याची सावळी आणि मोकळा सरदार

फार पूर्वी, पत्रं माणसांच्या पायांनी गावोगाव जायची त्या काळी, घाटाच्या पायथ्याच्या एका गावात एक हरकारा राहायचा. त्याचं नाव हैबती. पाठीवर टपालाची थैली, हातात घुंगरं बांधलेली काठी आणि मागोमाग एक काळीसावळी कुत्री, असा तो रोज सकाळी गावातून निघायचा आणि धावत धावत डोंगरातल्या झऱ्यापर्यंत जायचा. तिथे पलीकडच्या गावचा हरकारा त्याची वाट पाहत बसलेला असायचा. दोघं थैल्यांची अदलाबदल करायचे. हैबती ओंजळीनं पाणी प्यायचा, कुत्रीला भाकरीचा तुकडा द्यायचा आणि आल्या वाटेनं परत फिरायचा.

कुत्रीचं नाव सावळी. तिला कधी कुणी दोरी लावली नव्हती. हैबती धावला की ती धावायची, तो थांबला की थांबायची. त्याच्या डाव्या टाचेपासून दोन पावलं मागे, हीच तिची जागा. दुपारी घुंगरांचा आवाज वेशीपाशी आला की ज्यांची मुलं दूर पलटणीत होती त्या बाया हातातलं काम टाकून दारात येत. पत्र आलं नसलं तर हैबती नुसती मान हलवायचा. सावळी मात्र प्रत्येक दारापाशी शेपूट हलवायची, पत्र असो वा नसो. त्यामुळे रिकाम्या हाती घरात परतणाऱ्या बाईच्या तोंडावरही थोडं हसू असायचं.

मग घाटातून सडक झाली. टपाल टांग्यातून जाऊ लागलं. हैबतीची थैली सरकारात जमा झाली आणि काठी घरच्या कोपऱ्यात उभी राहिली.

काम संपलं, पण पायांना ते पटेना. रोज सकाळी हैबती सावळीला घेऊन त्याच जुन्या वाटेनं झऱ्यापर्यंत जायचा. आता धावणं नव्हतं, रमतगमत चालणं होतं. वाटेवरच्या एकेका खुणेपाशी त्याला काही ना काही आठवायचं. या खडकाआड एकदा अस्वल दिसलं होतं. या उंबराखाली पावसात तीन घटका उभं राहावं लागलं होतं, थैली पोटाशी धरून. इथे पलीकडच्या हरकाऱ्यानं लेकीच्या लग्नाचा लाडू फडक्यात बांधून आणला होता. तो हरकारा आता हयात नव्हता. हैबती झऱ्याशी बसायचा, सावळी त्याच्या पायाशी बसायची, आणि दोघंही थोडा वेळ पलीकडच्या वाटेकडे पाहत राहायची.

वर्षं गेली तशी सावळी म्हातारी झाली. तिला ऐकू येईना. एका डोळ्यावर पांढरट पडदा आला. एकदा ती वळणावर चुकून भलतीकडे गेली आणि हैबती हाका मारमारून थकला. त्या दिवशी घरी आल्यावर त्याची बायको ठकूबाई म्हणाली, "तिला दोरी लावा आता."

"बारा वर्षं नाही लावली. आता म्हातारपणी लावू?"

"तिला बांधायला नका लावू. तुम्ही कुठं आहात ते तिला कळावं म्हणून लावा."

हैबतीला ते पटलं. त्यानं अंबाडीची मऊ दोरी वळली. पहिल्या दिवशी त्यालाच लाज वाटली. पण सावळीला दोरी आवडली. दोरीला जरासा हिसका बसला की तिला कळायचं, मालक उजवीकडे वळला. दोरी सैल पडली की कळायचं, मालक जवळ आहे. ती पुन्हा निर्धास्त चालू लागली.

त्याच सुमारास झऱ्याच्या वाटेवर, वळणाच्या अलीकडे, एक नवं घर उठलं. घराचे मालक शिरपतराव. शहरात लाकडाची वखार चालवून थकले होते आणि आता गावी येऊन घरालगतची जुनी आंबराई सांभाळत राहणार होते. माणूस मोठ्या मनाचा. घरभरणीला त्यांनी साऱ्या गावाला जेवायला घातलं. त्यांच्याकडे दोन कुत्री होती, सरदार आणि मैना. सरदार दांडगा, पिवळसर रंगाचा, वासरासारखा उंच. मैना लहान चणीची, सरदार जाईल तिकडे जाणारी. दोघांच्या गळ्यात साधा पट्टासुद्धा नव्हता. शिरपतराव सगळ्यांना अभिमानानं सांगत, "माझ्या घरात कुत्रं बांधायचं नाही. मोकळं वाढलंय, मोकळंच राहील."

एके सकाळी हैबती आणि सावळी वळणाशी आली आणि सरदार आंबराईतून सुसाट धावत आला. मागून मैना. सावळीला काही ऐकू आलं नाही. तिच्या अंगावर मोठा धक्का बसला तेव्हाच तिला कळलं. ती घाबरून गुरगुरली, आणि ते ऐकताच सरदारानं तिच्या मानेला तोंड घातलं.

हैबतीनं मध्ये पडून, धोतराचा सोगा झटकून कसंबसं त्याला हुसकावलं. तोवर शिरपतराव फाटकाशी आले होते. तिथूनच हात उंचावून ते म्हणाले, "घाबरू नका हो. तो काही करत नाही. खेळतोय."

हैबतीनं सावळीच्या मानेवर हात फिरवला. तळहात लाल झाला होता. त्यानं तो वर करून दाखवला.

"अरेरे," शिरपतराव म्हणाले. "पण आधी ती गुरगुरली. मी पाहिलं. माझा पोरगा आपणहून कुणाच्या वाटेला जात नाही."

 हैबती सावळीला उचलून घरी घेऊन आला. ठकूबाईनं हळद आणि तेल लावलं. जखम आठ दिवसांत भरली. पण सावळी वाटेला लागेना. दोरी हातात घेतली की ती कोपऱ्यात जाऊन बसे. दुसऱ्या वाटेनं नेऊन पाहिलं, ओढ्याच्या बाजूनं. ती चार पावलं चाले आणि मागे पाही. कुठून काय अंगावर येईल हे तिला ऐकू येणार नव्हतं, आणि आता ते तिला कळलं होतं.

हैबतीच्या मनाला ते फार लागलं. ज्या कुत्रीनं बारा वर्षं जंगल तुडवलं, वाघाच्या वासानं अंगावर काटा उभा राहिला तरी जी त्याला सोडून पळाली नाही, ती आता अंगणात उतरायला घाबरत होती.

गावात बातमी पसरली. एकट्या सावळीचंच असं झालं नव्हतं. कुणाची शेळी बिथरली होती, कुणाच्या डोक्यावरची ताकाची घागर पडली होती. शिरपतरावांच्या घरचं जेवण जेवल्यामुळे लोक त्यांना तोंडावर काही बोलत नव्हते. लोहार मात्र हैबतीच्या कानाशी येऊन म्हणाला, "एका भाकरीचं काम आहे. आत काय घालायचं ते मी देतो. कुणाला कळायचं नाही."

हैबती म्हणाला, "सावळीला कळेल."

"ती तर बहिरी आहे."

"मी तिच्यासमोर भाकरी थापायला बसेन ना. मला नाही जमायचं ते."

पण राग होताच. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं कोपऱ्यातली काठी उचलली. तिच्या टोकाला लोखंडी फाळ होता, जंगलातल्या जनावरासाठी दिलेला. त्यानं तो दगडावर घासला.  ठकूबाई म्हणाली, "कशाला निघालात ते आधी ठरवा. सावळीला फिरवायला, का दुसरं काही करायला?"

"फिरवायला."

"मग चुलीपुढची भाकरीही घ्या बरोबर, झऱ्याशी तिला द्यायला."

घुंगरं वाजली आणि सावळीनं डोकं वर केलं. तिला आवाज ऐकू आला नसावा. पण जमिनीवर काठी टेकली की जो हादरा बसतो तो तिच्या पंजांना ओळखीचा होता. ती उठली, हळूहळू आली आणि त्याच्या डाव्या टाचेपाशी उभी राहिली.  हैबतीनं दोरी लावली आणि दोघं निघाली.

वळणाशी धुकं होतं. हैबतीनं दोरी आखूड केली आणि सावळीला आतल्या बाजूला घेतलं. तेवढ्यात आंबराईतून पिवळसर अंग उसळलं. फाटकातून शिरपतरावांची हाक आली, "सरदार, मागे ये." सरदाराचा कानही हलला नाही. "सरदार. ए सरदार." तो येतच राहिला.

हैबतीनं काठी उचलली. तीस वर्षं धरलेली काठी. हाताला काही शिकवायला लागत नव्हतं. कुत्रा पाच पावलांवर आला. फाळ त्याच्या छातीच्या रेषेत होता. एक पाऊल पुढे टाकलं असतं तर संपलं असतं.

त्यानं कुत्र्याच्या तोंडाकडे पाहिलं. कोवळं तोंड होतं. दोन वर्षांचंसुद्धा नसेल. डोळ्यांत वैर नव्हतं. नुसता दांडगेपणा होता, आणि आपल्याला कुणी अडवणार नाही याची खात्री होती. हा गुन्हा त्याचा नव्हता.

हैबतीनं फाळ खाली केला आणि काठी आडवी धरली. सावळीला पायांमागे घेतलं. तो पळाला नाही, ओरडला नाही. सरदाराच्या डोळ्यांत रोखून न पाहता, जरासा तिरपा उभा राहून, रोजच्या बोलण्याच्या आवाजात म्हणाला, "बस झालं. घरी जा." सरदार डावीकडून आला, काठी डावीकडे गेली. उजवीकडून आला, काठी उजवीकडे. घुंगरं खुळखुळत होती. वाटेवरच्या वस्त्यांपाशी अशी किती कुत्री त्यानं थोपवली होती. घाई न करणारं माणूस कुत्र्यांना कोड्यात टाकतं, हे त्याला ठाऊक होतं. मैना आधीच लांब बसली होती.

शिरपतराव हाका मारत धावत आले. दहा हाका झाल्या, पंधरा झाल्या. वाटेतल्या दगडाला ठेचकाळून ते गुडघ्यावर पडले, उठले आणि त्यांनी एकदाचं सरदाराला दोन्ही हातांनी कवटाळलं. धरायला गळ्यात काही नव्हतं. कुत्रा हिसके देत होता. शेवटी त्यांनी खांद्यावरचं जरीकाठी उपरणं काढलं आणि त्याच्या गळ्यात गाठ मारली.

मग ते तसेच वाटेवर बसले, धापा टाकत. 

"तुमच्या हातात फाळ होता," शिरपतराव म्हणाले. "मी फाटकातून पाहिलं. मला वाटलं, संपलं."

"मलाही वाटलं होतं."

"मग का नाही मारलात?"

हैबती समोरच्या दगडावर बसला. सावळीला त्यानं मांडीशी ओढून घेतलं. तिचं अंग थरथरत होतं.

"ही एक वर्षाची होती तेव्हाची गोष्ट," तो म्हणाला. "मी हिला मोकळी सोडायचो, आणि तेव्हा ही माझ्या मागे चालत नव्हती. कुठंही उधळायची. एक दिवस समोरून एक बाई आली, डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन. ही तिच्या अंगावर धावली. चावली नाही, नुसती उडी मारली. बाई पडली. मोळी सुटली, लाकडं उतारावरून खाली गेली. मी हसत म्हणालो, बाई, ती काही करत नाही."

शिरपतरावांनी मान खाली घातली.

"बाई उठली. लुगडं झाडलं. मला म्हणाली, ते तुला ठाऊक आहे, दादा. मला कसं ठाऊक असणार? एवढंच बोलली आणि लाकडं वेचायला लागली. शिवी दिली असती तर मी विसरून गेलो असतो. दुसऱ्या दिवसापासून मी सावळीला शिकवायला लागलो. एक पावसाळा गेला त्यात. हाकेला हमखास येईपर्यंत मी तिला माणसांच्या वाटेवर नेलीच नाही."

शिरपतराव सरदाराच्या पाठीवर हात फिरवत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "आमच्या लहानपणी दारात एक कुत्रं होतं. वडिलांनी साखळीला बांधलं ते कधी सोडलंच नाही. पाऊस असो, ऊन असो. साखळीच्या लांबीएवढी त्याची दुनिया. मेलं तेही साखळीतच. मी तेव्हाच ठरवलं होतं, माझं कुत्रं कधी बांधायचं नाही."

"ते बरोबरच ठरवलंत," हैबती म्हणाला. "पण साखळीला खुंटी असते. दोरीच्या दुसऱ्या टोकाला माणूस असतो. एका टोकाला तुम्ही चालत असलात तर ते बांधणं कसलं?"

शिरपतरावांनी सावळीकडे पाहिलं. तिची मान, तिथला केस नसलेला पट्टा, तिचा पांढरा डोळा. ते उठले, चार हात लांबच उभे राहिले आणि म्हणाले, "हिला ऐकू येत नाही हे मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नाही. चुकलं माझं."

"उद्या या दोघं," हैबती म्हणाला. "मी शिकवतो."

दुसऱ्या दिवसापासून वाटेवर एक मजेशीर वरात दिसू लागली. पुढे हैबती आणि सावळी, आणि मागे पन्नास पावलांवर शिरपतराव आणि सरदार. मैना घरीच राहायची. पहिले चार दिवस शिरपतराव कुत्र्याला फिरवत नव्हते, कुत्राच त्यांना फिरवत होता. एकदा त्यानं त्यांना सरळ करवंदीच्या जाळीत नेलं. हैबती पुढून सांगायचा, "ओढलं की उभे राहा. सैल सोडलं की चाला. बोलावलं आणि आला की तुकडा द्या. नाही आला तर रागावू नका, उद्या पुन्हा बोलवा." समोरून दुसरं कुत्रं घेऊन कुणी आलं तर वाट सोडून बाजूला व्हायचं, हेही त्यानं शिकवलं. आधी आपण विचारायचं, आणि समोरच्यानं हो म्हटलं तरच जवळ जायचं.

पन्नास पावलांची तीस झाली, तिसाची दहा. सावळी सुरुवातीला पुन्हा पुन्हा मागे पाहायची. मग पाहीनाशी झाली. थंडी सरता सरता एक दिवस झऱ्याच्या एका काठावर ती बसली आणि दुसऱ्या काठावर सरदार. दोघं पाणी प्यायली. शिरपतरावांनी हलकेच "सरदार" म्हटलं, तसा तो तोंड पाण्यातून काढून त्यांच्याकडे आला. शिरपतरावांनी तोंड फिरवून डोळे पुसले.

गावालाही फरक कळला. बाया पुन्हा वळणावरून डोक्यावर घागरी घेऊन जाऊ लागल्या. लोहारानं हैबतीला काही विचारलं नाही, पण भेटला की त्याच्याशी जरा अदबीनं बोलू लागला.

सावळी आणखी दीड वर्ष जगली. अखेरपर्यंत ती झऱ्यापर्यंत गेली. शेवटी शेवटी परतीच्या वाटेवर हैबती तिला खांद्यावर घ्यायचा, पूर्वी थैली घ्यायचा तशी. एका दुपारी उन्हात झोपली ती उठलीच नाही. हैबतीनं तिला घराच्या मागे, चिंचेखाली पुरलं.

त्यानंतर तो वाटेला गेला नाही. सकाळी उठायचा, अंगणात बसायचा. ठकूबाई चहा ठेवायची, तो निवायचा. नवव्या दिवशी फाटक वाजलं. शिरपतराव उभे होते, हातात दोरी, दोरीला सरदार.

"हैबतीदादा, मला झऱ्यापर्यंत एकट्याला करमत नाही," ते म्हणाले आणि दोरीचं टोक पुढे केलं. "आज तुम्ही धरा."

हैबती अंगणातून उठला. त्यानं दोरी हातात घेतली. सरदार पुढे धावला नाही. त्याच्या बाजूनं, त्याच्या पावलाला पाऊल मिळवत चालला.

वळणाच्या पुढे समोरून एक कासार आला, परगावचा, खांद्यावर काचेच्या बांगड्यांचं ओझं. एवढं मोठं कुत्रं पाहून तो जागीच थबकला. हैबती वाटेच्या कडेला झाला, दोरी आखूड केली. शिरपतराव म्हणाले, "धरलाय हो. तुम्ही निवांत जा."

कासार हलक्या पावलांनी पुढे गेला. एकही बांगडी किणकिणली नाही. दहा पावलांवर जाऊन त्यानं मागे वळून हात जोडले आणि तो गावच्या वाटेला लागला.

झऱ्याशी दोघं बसले. हैबतीनं पलीकडच्या वाटेकडे बोट दाखवलं आणि सांगू लागला, तिथून एक हरकारा यायचा, त्याची घुंगरं माझ्यापेक्षा बारीक आवाजाची होती, धुक्यात माणूस दिसायच्या आधी तीच ऐकू यायची. शिरपतराव ऐकत राहिले. ऊन चढून दगड तापले, तरी कुणी उठलं नाही.

ही गोष्ट ऐकून ध्यानात ठेवायचं तात्पर्य एवढंच: आपल्या लाडक्याची खात्री आपल्याला असते, समोरून येणाऱ्याला नसते. म्हणून जो अजून हाकेला परतत नाही, त्याला हाती धरूनच वाटेवर न्यावं. वाट सगळ्यांची असते.